बापूंची चंद्रकळा

बापू गेल्याचा निरोप सांगलीला आला तेव्हा मी कापडावर ठसा मारत होतो. हात थबकला आणि फूल फिसकटलं. कोरेगावचे बापू रंगारी माझे थोरले चुलतभाऊ. छापणं आणि रंगवणं, दोन्ही कामं मी त्यांच्याकडंच शिकलो. छापलेला रंग कापडावर बसतो, रंगवलेला सुतात मुरतो. म्हणून छापलेल्या कापडाची उलटी बाजू फिकी, रंगवलेलं दोन्ही अंगांनी सारखं. रंगवायला मात्र दिवस लागतात.

लढाईच्या दिवसांत विलायती रंग मिळेनासा झाला. बापू हिरड्याच्या काढ्यात आणि लोखंडाच्या पाण्यात कापड पुन्हापुन्हा बुडवून काळं करायचे. अशात संक्रांत तोंडावर आली. एका नव्या नवरीची काळी चंद्रकळा बापूंनी माझ्यावर सोपवली होती. मी आळसात दिवस घालवले, आणि शेवटी सपाट ठशानं डिंकातला काळा रंग पांढऱ्या लुगड्यावर एका बाजूनं थापला. खळ देऊन अशी घडी घातली, की उलटी बाजू दिसूच नये...

हळदीकुंकवाला बायकांसमोर घडी मोडली. कुणीतरी म्हणालं, "आवं, ही चंद्रकळा का अर्धी अमावास्या?" दुसऱ्याच दिवशी मुलीचा बाप ते लुगडं घेऊन भर बाजारात आमच्या दारात उभा राहिला. "बापू, माझ्या लेकीचं हसं केलंसा!"

बापूंनी लुगडं उलटं केलं, माझ्याकडं एकदाच पाहिलं. "चूक माजी हाय. रथसप्तमीच्या आत पोचवतो." मी तिथंच होतो, आणि गप्प राहिलो.

त्यांनी ते उकळून डिंक काढला आणि चार दिवस एकट्यानं रंगवलं. मला एवढंच म्हणाले, "छापणं वाईट न्हाई रं, दामू. तू त्याला रंगवणं म्हणालास, ते वाईट."

लुगडं असं उतरलं, की उन्हात धरलं तरी कुठं विरळ दिसेना. पण बाजारानं बोलायचं ते बोलून घेतलं होतं. पुढं बरीच गिऱ्हाइकं साताऱ्याला जाऊ लागली. बापूंनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी सांगलीला आलो, छापकामात नाव कमावलं. तेही त्यांच्याच शिकवणीवर.

निरोप आला त्या दिवशी कोरेगावला पोचलो तेव्हा बापूंना अंघोळ घालत होते. मी शिकेकाईनं त्यांचे हात चोळले. नखांतला काळा रंग हलेना. उंबऱ्याशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी. त्येंचा रंग कवा कुनाच्यानं गेलाय?"

ते ऐकून मला राहवलं नाही. बापूंचा हात धरलेलाच होता. सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "मला ठावंच न्हवतं... पर मला सांगून काय हुतंय? ज्या बाजारानं त्येस्नी नावं ठिवली, त्याला सांगा."

तर बाजारकरहो, ती चंद्रकळा मी छापली होती. रंगवली ती बापूंनी.