सेनापती का गेला नाही

रसवंतीत शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली तावातावानं वाद घालत होत्या. जादूच्या राज्यावरची कसलीशी कादंबरीमालिका होती. टेबलावरचा रिकामा ग्लास म्हणजे किल्ला, पिळलेलं लिंबू म्हणजे उडणारा घोडा. किल्ल्यात सेनापतीचा भाऊ जखमी पडलाय, आणि दारात असला घोडा असून तो जातच नाही.

"लेखक घोडा विसरला, दुसरं काय!" चष्मेवाली म्हणाली.

मी ग्लास खाली ठेवला. गेल्या वर्षी दादाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. दर तासाला एसटी होती, तरी मी गेलो नाही. तो बरा झाला, पण माझ्या गोष्टीतली ती फट मला अजून बुजवता आलेली नाही.

दुसरी मुलगी लिंबू बोटानं ढकलत म्हणाली, "अगं, भावासमोर उभं राहायची भीती वाटली असेल. होतं माणसाचं असं."

चष्मेवाली म्हणाली, "म्हणजे लेखक नाही चुकला, सेनापती चुकला. मग ठीक आहे. दे पुढचा भाग."

इतकं सोपं होतं तर! मी उरलेला रस एका दमात संपवला आणि दादाला फोन लावला.