बसणाऱ्याच्या मापाची सीट

सुखदेवकाकांकडे सायकलची सीट करून घ्यायला गेलेल्या माणसाला ते आधी एक पुठ्ठा द्यायचे. खोक्याचा, दोन पदरांमध्ये नागमोडी कागद असलेला. तो पायरीवर ठेवायचा, पाय जरा उचलून त्याच्यावर घट्ट बसायचं आणि उठायचं. माणूस बसला की काका पाठ फिरवून उभे राहत. बाई असली तर सरळ घरात पाणी आणायला जात आणि ते आणायला मुद्दाम वेळ लावत. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असत. त्यांवरून अंगठा फिरवत ते म्हणत, "मानूस दोन हाडकांवर बसते. बाकीचं सारं गादीवाल्यायनं सांगतलेलं हाय."

मी त्या पुठ्ठ्यावर बसले तेव्हा नोकरी सोडायच्या बेतात होते. नवी आरोग्यसेविका होते, वडनेरच्या बाजूची चार गावं माझ्याकडे होती. एसटी हमरस्त्यावर सोडायची, पुढचं सगळं सायकलवर. सायकलीला रुंद, मऊ, फोमची सीट होती. दुकानदारानं खास बायकांसाठी म्हणून बसवून दिली होती. महिनाभरात मांड्यांच्या आतल्या बाजूला जखमा झाल्या. दुसऱ्यांच्या जखमा धुणारी मी, पण माझी जखम कोणाला सांगणार? लसीकरणाच्या दिवशी सायकल हातात धरून चालत जायची, पोचेपर्यंत उन्हं चढायची आणि लेकरांच्या आया वाट पाहून शेतात निघून गेलेल्या असायच्या. एका गावात एका म्हाताऱ्या आजीनं मला विचारलंसुद्धा, "बाई, सायकल तुमाले आनते का तुमी सायकलीले?" त्या रात्री मी बदलीचा अर्ज लिहिला. बदली नाही मिळाली तर राजीनामा, असं ठरवूनच.

सासर वर्ध्याजवळच्या नालवाडीचं. रविवारी घरी आले तेव्हा मी पाटावर एका कुशीवर रेलून बसते आहे हे नवऱ्याच्या लक्षात आलं. खोदून विचारल्यावर मी सांगितलं. पुढच्या खेपेला त्यानं मला सायकलची सीट काढून पिशवीत आणायला लावली आणि मागच्या गल्लीत सुखदेवकाकांकडे नेलं.

उंच, सडपातळ माणूस. टिनाच्या शेडमध्ये चामड्याचं काम करायचा, पण अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. माझी फोमची सीट त्यांनी हातात घेतली, दाबली आणि परत पिशवीत ठेवली. मग पुठ्ठा आणला.

सीट तयार व्हायला तीन आठवडे लागले. म्हशीचं जाड चामडं ते रात्रभर पाण्यात भिजवत, लाकडी साच्यावर ताणून खिळवत आणि सावलीत वाळू देत. वाळलेलं चामडं लोखंडी सांगाड्यावर तांब्याच्या रिबिटांनी ठोकायचं. ठोकताना ते कोणाशी बोलत नसत. समोरच्या टोकाखाली एक नट असायचा. चामडं कालांतराने सैल पडलं तर त्यानं ताणून घेण्यासाठी. तयार सीट माझ्या हातात दिली तेव्हा मी ती नखानं वाजवून पाहिली. पाटासारखी टणक. माझं तोंड पाहून काका म्हणाले, "सिस्टर, सहा महिने हे तुमाले शिकवीन. मंग तुमी याले शिकवजा. जिथं तुमचं हाडूक बसते तिथं हे दबन, बाकी जागी नाई दबनार. नट आवळाची घाई नोका करू."

पहिले पंधरा दिवस मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही बोलले. पण जखमा भरत होत्या, हे नर्सच्या डोळ्यांना दिसत होतं. घाम आत मुरत नव्हता, कातडी घासत नव्हती. दोन महिन्यांनी मी सकाळी नवाच्या आत गावात पोचायला लागले. बदलीचा अर्ज फाडला नाही, नुसता विसरून गेले.

आणि मग मीच घोळ घातला. एवढी चांगली वस्तू, तिची निगा राखावी म्हणून दर रविवारी खोबरेल तेल चोळू लागले, वरून, सढळ हातानं. पावसाळा संपेस्तोवर सीट मधे झोळीसारखी लोंबली. भीत भीत घेऊन गेले. काकांनी ती उलटी करून पाहिली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "बायांले गोळ्या देता तवा मोजून देता का मूठ भरून देता?" मी म्हटलं, मोजून. "मंग हिले काऊन मूठ भरून पाजली?"

त्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बसवून सगळं शिकवलं. मधमाशीचं मेण आणि थोडंसं एरंडेल एकत्र वितळवायचं. ते खालच्या बाजूनं लावायचं, वर्षातून दोनदा, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. वरून नुसतं फडकं मारायचं. पावसात पिशवी बांधायची. भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीजवळ कधीच नाही आणि ओली असताना तिच्यावर बसायचं नाही. माझी सीट त्यांनी पुन्हा साच्यावर चढवली, दोन्ही बाजूंना खाली भोकं पाडून चामड्याच्या वादीनं पोटाशी आवळली. हात चालू होते, म्हणून असेल, त्या दिवशी ते स्वतःबद्दल बोलले.

त्यांचे वडील दाजीबा. तरुणपणी गावातली मेलेली ढोरं ओढायचं आणि सोलायचं काम त्यांच्या वाट्याला होतं. करायचं की नाही असं कोणी विचारत नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन नागपूरहून परतले त्या दिवशी त्यांनी सुरी विहिरीत टाकली आणि पुन्हा मेलेल्या जनावराला हात लावला नाही. गावानं धान्य बंद केलं, तरी नाही. जिनिंगमध्ये हमाली केली, पोरांना शाळेत घातलं. आणि त्याच दाजीबांचा मुलगा अठराव्या वर्षी नालवाडीत चामड्याचं काम शिकायला लागला. दाजीबा त्यांच्याशी सहा वर्षं बोलले नाहीत.

"मी पयली सीट केली ना, सिस्टर, ते बापाच्या सायकलीले लावली. तो जिनिंगमध्ये जाये रोज आठ मैल. सकाळी पायतो त सीट काहाडलेली, धुतल्या फडक्यात बांधलेली, माह्या उशाशी. फेकली नाई त्यानं. पन बसला बी नाई. मरेपर्यंत नाई बसला."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. काकांनी वादीची गाठ दातांनी ओढली. "वाईट काऊन? बाप बराबर होता. त्याले ते काम करा लागत होतं. मले कोनी लावलं नाई. त्यानं सोडलं म्हनून मले निवडता आलं."

त्यानंतर बरीच वर्षं माझी सीट त्यांच्याकडे नुसती तपासायला जायची. वर्ध्यातल्या सायकलवाल्या डॉक्टरांचा एक गट आर्वीपर्यंत जाऊन परत येण्याची फेरी काढायचा, एका वर्षी त्यात मीही गेले. हलक्या, महागड्या सायकली होत्या सगळ्यांच्या. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा एक डॉक्टर माझ्या काळ्याभोर, चकाकणाऱ्या सीटजवळ वाकून उभे राहिले. त्यांच्याकडे परदेशातून मागवलेली चामडी सीट होती, दोन पावसाळ्यांत तडकलेली. माझी बारा वर्षांची आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी ते नालवाडीला जाऊन पुठ्ठ्यावर बसून आले. मग त्यांच्या मागून आणखी बरेच.

त्याच गटानं काकांचा सत्कार ठरवला. वर्ध्यात एका सभागृहात. काकांनी मला सोबत यायला सांगितलं. त्यांची मुलगी संगीता आर्वीला एसटीच्या डेपोत नोकरीला होती, ती सुटी काढून आली आणि अगदी शेवटच्या रांगेत बसली. तिचं मला ठाऊक होतं. कचेरीत कोणी विचारलं तर ती "बाबांचं सायकलचं दुकान आहे" असं सांगायची. चामड्याचं नाव काढलं की पुढचा प्रश्न जातीचा येतो, हे तिनं कॉलेजात असताना अनुभवलं होतं. काकांनी तिला त्याबद्दल कधी टोकलं नाही.

सूत्रसंचालन करणारा मुलगा उत्साही होता, मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, ही कला यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली, यांच्या समाजाच्या रक्तातच हे कसब आहे. टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिलं, संगीता मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत होती.

काकांनी शाल खांद्यावरून काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि माइकपाशी गेले. त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"दादा चांगलं बोलले, पन चुकीचं बोलले," ते म्हणाले. "माह्या बापानं मेलेल्या ढोराचं काम सोडलं. उपाशी राह्यला, पन केलं नाई. तो माह्या घरातला सगळ्यात मोठा मानूस. हे सीटचं काम मले त्याच्यापासून नाई आलं. मी शिकलो. पयल्या दोन वर्सात चाळीस सीटा खराब केल्या. रक्तात असतं त खराब झाल्या नसत्या. हे जातीचं काम नाई, हाताचं हाय. तुमाले बी शिकाचं असन त या, शिकवतो."

मग ते तडकलेल्या सीटवाले डॉक्टर उठले, मंचावर आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. ओळख पुन्हा करून द्यायची तर कशी द्यावी, असं विचारलं. काका म्हणाले, "सुखदेव दाजीबा. सायकलीच्या सीटा करते. बस." डॉक्टरांनी तेवढंच म्हटलं. या वेळच्या टाळ्या बराच वेळ चालल्या. मी त्या माणसाच्या हातच्या सीटवर बसून चार गावांची लेकरं टोचली होती. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा वाटलेला नाही.

परतताना ऑटोत संगीता आमच्या मधे बसली होती. काकांनी तिला फक्त विचारलं की शेवटची गाडी किती वाजताची आहे.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. नजर कमी होत गेली तसं त्यांनी रिबिटं ठोकणं बंद केलं. "वाकडं ठोकाचं त न ठोकलेलं बरं," म्हणाले, आणि साचे स्वच्छ पुसून ठेवून दिले. शिकायला दोघं-तिघं येत होते. हातानं चाचपून ते त्यांच्या चुका काढत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती. मी तेव्हा त्यांच्या घरीच होते. संगीताचा मोठा दीर मजकूर लिहायला बसला. नावाखाली काहीतरी लिहायला हवं, तर त्यानं "सायकल व्यावसायिक" सुचवलं. ते भारदस्त वाटतं, म्हणाला. संगीतानं त्याच्या हातातून कागद घेतला आणि मांडीवर ठेवून स्वतः लिहिलं: कालकथित दाजीबा यांचे चिरंजीव, चामडी सायकल-सीटांचे कारागीर.

दिरानं ते वाचलं. त्याला पेच पडला होता. चामडी शब्द असा ठळक कशाला, लोक भलतंसलतं विचारतील, असं तो हळूच म्हणाला.

"इचारू दे," संगीता म्हणाली. "दाजीबाआबानं काय सोडलं अन् बाबानं काय धरलं, मी सांगीन त्यायले."