रिकामा थर्मास

अमेरिकेत मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात जानेवारीत थंडी अशी पडते की एकदा मी पार्किंगमध्ये शिंकलो, ती शिंक टणकन खाली पडली आणि मागून येणारा माणूस तिच्यावरून घसरला. अशा गावात मी आइस हॉकीचा कोच आहे. आठवडाभर मोटारींच्या कंपनीत ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करायचं आणि रविवारी सकाळी गळ्यात शिट्टी घालून बर्फाशेजारी उभं राहायचं, हा माझा नेम.

माझ्या खेळाडूंबद्दल माझं मत मी कधीच लपवलेलं नाही. आमचा गोलकीपर मुळात प्रोग्रॅमर. गोल झाला तरी तो मान्यच करत नाही. "पुन्हा करून दाखवा," म्हणतो. आमची हुकमी फॉरवर्ड म्हणजे इथेच जन्मलेली चोवीस वर्षांची मुलगी. ती पळते तेव्हा बर्फातून वाफ निघते आणि निम्मे प्रेक्षक चष्मे पुसत बसतात. आणि तिसरे काका. एकसष्ट वर्षांचे, नागपूरचे, आमच्या या टीमचे संस्थापक. हौस एवढी की बुटात पाय घालायच्या आधी हेल्मेट डोक्यावर.

दम होता, जिद्द होती, आणि अख्ख्या सीझनमध्ये एकही विजय नव्हता. लीगच्या मॅनेजरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शेवटच्या मॅचमध्ये जिंकलात तर राहाल. बरोबरीसुद्धा चालणार नाही. तुमची जागा मागायला दुसरी टीम दारात उभी आहे."

आता आमचं दुखणं सांगतो. हॉकीत पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, मग बाकावर येऊन बसायचं. खेळ थांबत नाही. एक बाकावर आला की ताजा गडी बर्फावर उडी मारतो. आमचे काका मात्र एकदा बर्फावर उतरले की उतरले. पाच मिनिटं, सहा मिनिटं. एकदा तर ते उतरले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि परत आले तेव्हा झाडांना पालवी फुटली होती. पण त्यांना "बाहेर या" म्हणणार कोण? ती मुलगी सोडली तर आमच्यातला प्रत्येक जण अमेरिकेत आल्यावर पहिला महिनाभर काकूंच्या हातचं जेवला होता. मीही. अख्ख्या मिशिगनच्या गाड्यांचे ब्रेक तपासणारा मी, पण या एका माणसाला थांबवायची माझी छाती नव्हती.

शेवटची मॅच. दोन-दोन बरोबरी, दोन मिनिटं बाकी. काका चार मिनिटं आतच होते. आता ते पळत नव्हते, सोसायटीत फेरफटका मारावा तसे डुलत होते. त्यांच्या जागी उतरायला ती मुलगी बाकापुढच्या कठड्यावर एक पाय टाकून बसली होती.

"कोच, डू समथिंग यार!"

"तू हाक मार ना!"

"मी? ही इज काका!"

माझ्या पायाशी थर्मास होता. मी तो डोक्यावर धरला आणि ओरडलो, "काका! चहा झालाय!"

देवाशपथ सांगतो, त्या माणसाला मी तेवढ्या वेगात कधी पाहिलं नव्हतं. सुसाट आले आणि धप्पकन बाकावर बसले. एवढंच नाही, समोरच्या टीमचा एक दणकट डिफेन्सवाला, जो रोज ऑफिसात आपल्या भारतीय लोकांबरोबर चहा पितो, तोही अर्ध्या वाटेपर्यंत आमच्याकडे आला! त्याने सोडलेल्या जागेतून आमची मुलगी गोळीसारखी सुटली. वाफ, आरडाओरडा, आणि पक, म्हणजे ती रबरी चकती, जाळ्यात. तीन-दोन!

आमच्या गोलकीपरने पहिल्यांदाच एखादा गोल विनातक्रार मान्य केला. उरलेला वेळ त्याने सगळ्या अंगाने अडवून काढला आणि भोंगा वाजला. आम्ही एकमेकांवर असे कोसळलो की इमारत दोन इंच उत्तरेला सरकली. मॅनेजरीणबाई कठड्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या सीझनला वेळेवर या."

काका मात्र थर्मासमध्ये डोळा घालून बसले होते. तो कोरडा ठणठणीत होता.

"चहा कुठाय बे?"

"काका, आपण जिंकलो! गोल पाहिलात ना?"

"मी चहा शोधून राहिलो होतो."

मग मी कान पकडले. खोटं बोललो म्हणालो, आणि तुम्हाला बाहेर बोलवायचा धीर वर्षभर कुणालाच झाला नाही, हेही सांगून टाकलं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, माझे गुडघे पहिल्या मॅचपासून बोंबलून राहिले! पण तुम्ही कोणी या म्हणालाच नाही. मला वाटलं, पोरांना माझी गरज आहे. असा मधूनच उठून कसा येऊ?"

ती मुलगी आधी हसली आणि तिच्यामागून आम्ही सगळे.

तेव्हापासून काकू दर रविवारी थर्मास भरून पाठवतात. मिनिट होत आलं की मी झाकण उघडतो, आणि काका वासावर येतात. समोरच्या टीम म्हणतात, त्या भांड्यात यांचं काहीतरी गुपित आहे. मी नाही म्हणत नाही.