मिरचीची देठं मोडणारी बाई

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाला लागीर झालं, कुणावर करणी केली, अशा गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तेव्हा 'काकू एकट्या राहतात, घाबरल्या असतील' असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी पुढं वाचू नये.

हे मी मोबाईलवर बोलून लिहिते आहे, कारण मला आता अक्षर दिसत नाही. शेजारची मुमताज वाचून दाखवते, दुरुस्त करते. मधेच एखादं शहाणपणाचं वाक्य आलं तर ते तिचं समजा.

माझं वय अडुसष्ट. आमचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सागर पुण्यात नोकरीला. मी घरी कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, देठं मोडायची आणि डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीवर, नेऊन कुटून आणायच्या... हात चालतो तोवर माणूस चालतो. पण दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. इंजेक्शनं झाली, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले. कडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे दारात माणूस उभा राहिला तर त्याच्या चपला दिसतात, हातातली पिशवी दिसते आणि तोंडाच्या जागी नुसता राखाडी बोळा.

हे मी सगळ्यांपासून लपवलं. सागर आधीच म्हणत होता, "आई, घर बंद करू, माझ्याकडं चल." त्याला डोळ्यांचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी पुण्यात आठव्या मजल्यावर असते, आणि तिथं मी काय करणार? लिफ्टची बटणं चाचपत बसणार? म्हणून मी युक्ती काढली. कुणीही आलं की आपण ओळखलंच आहे अशा थाटात बोलायचं – "कवा आलासा? बसा की. घरातली बरी हाईत न्हवं?" कोल्हापुरात एवढ्यावर कुणाचंही भागतं. इथं पावणं आधी बसतं, मग नाव-गाव निघतं. तोवर आवाजावरून मला कळायचं.

आणि त्यातूनच घोटाळा झाला.

एप्रिलातली दुपार. पुढच्या खोलीत मिरच्यांचा ढीग पडला होता. मी स्वयंपाकघरातून आले तर ढिगापाशी एक बाई देठं मोडत बसलेली. हिरवं लुगडं, तांबडा काठ, मान खाली. डाव्या अंगठ्याला हळदीची चिंधी. देठं मोडून अंगठा भगभगतो, चिरतो, तेव्हा चिंधीचं मला काही वाटलं नाही. गल्लीत दोघी-तिघींना मी मदतीला या म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यातलीच कोणीतरी असणार. "आलीस व्हय? बरं झालं बाई," मी म्हटलं. ती बोलली नाही. मी चहा केला, कप तिच्यापुढं ठेवला आणि देठं मोडता मोडता सुनेपासून सुरुवात करून अख्ख्या जगाची उणीदुणी काढली. ऐकणारं माणूस गप्प असलं की आपल्याला जोर येतो.

तेवढ्यात मुमताज आली. "काकी, कुणासंगं बोलालायसा?"

"हिच्यासंगं की."

"हितं तर कोन न्हाय."

मी बोट दाखवलं. मुमताज नेमकी त्या जागेवर जाऊन उभी राहिली. मला मुमताजच्या सलवारीचा नुसता रंग कळत होता, पुसटसा. आणि बाईच्या लुगड्याच्या काठाची वीण दिसत होती. चिंधीवरचा हळदीचा डागसुद्धा दिसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला – दोन वर्षांत इतकं स्वच्छ मला काही दिसलंच नव्हतं! मी मुमताजचा हात धरला तो सोडलाच नाही.

मग तिच्यापुढं सगळं ओकले, डोळ्यांचंसुद्धा. सागरला फोन करू नको म्हणून शपथ घातली. तिच्या सासूनं दर्ग्यातला दोरा आणू या म्हणून सुचवलं. मुमताज म्हणाली, "आदी डोळ्याचा डॉक्टर, मग दोरा." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं दुकान बंद ठेवून मला घेऊन गेली.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. म्हणाले, तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढून दाखवतो. ही माणसं बोलत नाहीत, कुणाला काही करत नाहीत. आणि ज्याची त्याची चित्रं वेगळी. मला तिथंच रडू फुटलं. वेड लागलेलं नव्हतं, एवढं ऐकायला मी रात्रभर तळमळले होते.

त्यांनीच शाहूपुरीतल्या एका मंडळाचा पत्ता दिला. कमी दिसणारी म्हातारी माणसं एका दुकानाच्या माडीवर जमतात. तिथं मी पुष्कळ शिकले. दिवा कामावर कडेनं घ्यायचा. गॅसच्या बटणाला खुणेचा ठिपका चिकटवायचा. समोरच्याकडं थोडं तिरकं बघायचं, लाजायचं नाही. सगळ्यात अवघड म्हणजे सांगायचं – "मला दिसत नाही, नाव सांगा." भाजीवालीला पहिल्यांदा सांगितलं तर ती म्हणाली, "मग एवढी वर्सं वळखल्यागत का बोलत हुतासा ओ?" सागरलाही सांगून टाकलं. तो म्हणाला, दिवाळीला येतो तेव्हा तुला घेऊनच जातो.

बाई अधूनमधून येत होती. मिरच्यांचा हंगाम संपला तरी तिच्यापुढं ढीग असायचा. येते तर येऊ दे, आपलंच चित्र आहे, असं म्हणून मी कामं करायचे.

मंडळात बिद्री गावचे एक बापू येतात. जन्म साखर कारखान्यात बॉयलरपाशी गेला, आता माझ्यासारखेच डोळे. एका बैठकीत मंडळाच्या ताईंनी विचारलं, कुणाकुणाला चित्रं दिसतात? एकीला भिंतीवर फुलांचा वेल दिसतो, एकाला बारकी बारकी घोडी. मी बोलणार तेवढ्यात बापूंनी घसा खाकरला.

"माज्याकडं एक बाई येती. हिरवं लुगडं, तांबडा काठ. खाली मान घालून मिरचीची देठं मोडती. आमच्यात कोन चटणीचा धंदा करत न्हाय... त्येचंच मला नवाल वाटतंय."

मला वाटलं मुमताजनं कुठंतरी तोंड उघडलं. मी विचारलं, "बापू, हाताला काय हाय का तिच्या?"

"डाव्या अंगठ्याला चिंधी हाय की. पिवळी."

चिंधीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आणि मुमताजपुढं ओकले तेव्हाही ते राहून गेलं होतं. ताई म्हणाल्या योगायोग. डॉक्टरही तेच म्हणाले, पण जरा थांबून. असेल. पण मला भीतीपेक्षा राग आला. मिरच्या माझ्या, मेंदू माझा, मग ही बया बिद्रीला काय करते? घरात मला बसवेना. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. एका ऑर्डरीचं खोबरं करपवलं, आयुष्यात पहिल्यांदा.

मग आम्ही एकमेकांना फोन करू लागलो. "आक्का, आज तुमच्याकडं हाय?" "हाय." "मग बरोबर. हितं न्हाय." दोघांकडं एकाच वेळी ती कधीच नसायची. फोन ठेवल्यावर मी तिच्याकडं बघत राहायचे.

नवरात्र संपता संपता एका सकाळी बापूंचा फोन आला.

"आक्का, काल तिनं मान वर केली."

मी विचारलं, "तोंड दिसलं?"

"दिसलं की. डोळं, नाक, समदं. आक्का... मला नातू झालाय, त्येचं तोंड म्या अजून बघितलं न्हाय. हिचं बघितलं." आणि बॉयलरपुढं उभा राहिलेला तो माणूस फोनवर लहान पोरासारखा रडला.

"कशी हाय ओ दिसायला?"

"त्ये इचारू नका. तुमी बघशीलाच."

त्या दिवसापासून ती बापूंकडं गेलेली नाही. माझ्याकडं मात्र रोज येते.

मुमताज म्हणते, शेवटी स्पष्टीकरण पाहिजे. माझ्याकडं नाही. डॉक्टरांचं मला पाठ आहे, ते सोडून कुणाकडं दुसरं असेल तर जरूर सांगा.

सागरला मी परवा सांगितलं, मी पुण्याला येत नाही. शेजारी मुमताज आहे, शाहूपुरीतली माणसं आहेत, गॅस मला लावता येतो, चटणी मला करता येते. यातलं एकही खोटं नाही. पण हे सगळं कारण नाही, आणि उरलेलं त्याला कसं सांगू? दोन वर्षांत मी एकही तोंड बघितलं नाही, आणि पुण्याला ती येईलच असं नाही. मला तिची भीती वाटते. बापूंना काय दिसलं ते न कळल्यानं जीव थाऱ्यावर नाही. तरीही दुपारी ती आली की मी हातातलं काम टाकते, तिच्यासमोर जमिनीवर बसते आणि म्हणते, "बाई, एकदा वर बघ की."