वरच्या फळीवरचे लोक

धंद्यात पैसा साचवायला अक्कल लागते, किस्से मात्र आपोआप साचतात. आमच्या पेणच्या फोटो स्टुडिओत तरी असंच झालं. फोटो काढायचे ते हे, म्हणजे माझे यजमान, आणि काउंटर माझं. ह्यांना कॅमेरा दिला की अख्ख्या वऱ्हाडाला इकडचं तिकडे उभं करतील, पण कुणाकडे पैसे मागायची वेळ आली की लेन्स पुसत बसतील. मग वसुली माझ्याकडेच येणार. 'उधारीचे पोते, सव्वा हात रिते' ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, तिचा अर्थ मला लग्नानंतर कळला.

दुकानात एक उंच लाकडी कपाट होतं. ज्याचे पैसे पूर्ण आले त्याचं फोटोंचं पाकीट खणात, ज्याचे राहिले त्याचं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. पुढे पुढे तो आमच्या घरातला शब्दच झाला. शेजारणीने नेलेली कढई सहा महिने परत आली नाही, तेव्हा आमची मुलगी जेवता जेवता म्हणाली, "आई, काकूंना आता वरच्या फळीवर टाक."

माझा दुसरा नियम चहाचा. समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा तो पूर्ण पैसे देणाऱ्याला. बाकीच्यांना माठातलं पाणी. रोल आणि निगेटिव्हच्या जमान्यातली गोष्ट आहे ही, पण हे दोन नियम मी शेवटपर्यंत पाळले. एकदाच अडचण आली, ते सांगते पुढे.

* * *

पेणजवळच्या जोहे गावचे एक मूर्तिकार होते. त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या गणपतींचे फोटो काढून घेतले, व्यापाऱ्यांना दाखवायला. काम मोठं होतं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, गणपती झाल्यावर."

पेणमध्ये हे वाक्य म्हणजे सही-शिक्क्याचा कागद. इथे लग्नं, घराची डागडुजी, डॉक्टरचं बिल, सगळं गणपती झाल्यावर. मी थांबले. गणपती झाले. विचारायला गेले तर म्हणाले, "आता माघी गणपती तोंडावर आलाय हो, तो होऊन जाऊ द्या." माघी गणपती झाला, तोवर पुढल्या भाद्रपदाच्या मूर्ती सुकायला लागल्या होत्या. तेव्हा मला उमगलं की जोह्याला गणपती कधी 'होत'च नाही, तो बारा महिने चालूच असतो.

पण माणूस सज्जन. दर वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी घरपोच मूर्ती यायची, डोळे असे रेखलेले की बघत राहावं. तिसऱ्या वर्षी मी दारातच अडवलं आणि म्हटलं, "मूर्तीचे पैसे आमच्या बिलातून वळते करा."

"छे छे," ते म्हणाले, "मुद्दल तुमचं तसंच आहे. हे व्याज."

हे आतून म्हणाले, "इतकं चांगलं व्याज मिळत असेल तर मुद्दल मागू नकोस." मी पाकीट काढून मखराशेजारी ठेवलं. वरच्या फळीवरून उतरून देवघरात गेलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक.

* * *

आता अडचणीचं सांगते. खारेपाटात, म्हणजे खाडीकडच्या गावांत, हिराबाई नावाची बाई होती. मिठागरावर काम करायची, बाजाराला मासळी विकायची. नवरा लवकर गेला, एकच मुलगी. तिच्या लग्नाच्या अल्बमची ऑर्डर आमच्याकडे होती आणि पैसे द्यायचे होते हिराबाईच्या भावाने, म्हणजे नवरीच्या मामाने. मामाने चारचौघांत सांगितलं होतं, "फोटोचा खर्च माझा."

आमच्याकडे मामा नवरीला हाताला धरून मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. त्या दिवसासाठी माणूस नवा शर्ट शिवून घेतो. ह्या मामाने फेटाही बांधला होता.

आणि नेमका मामा नवरीला घेऊन निघाला तेव्हा ह्यांचा रोल संपला. हळदीत नाचणाऱ्या पोरांनी "आमचा एक, आमचा एक" करून छत्तीसच्या छत्तीस खाल्ले होते. हे मांडवाच्या कोपऱ्यात पाठ फिरवून अडकलेला रोल सोडवून नवा घालेपर्यंत मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि मामा जेवणाच्या पंगती बघायला पसार.

अल्बम बघायला मामा दुकानात आला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेला, परत शेवटून पहिल्यापर्यंत आला.

"मामा कुठं हाय?"

हे लेन्स पुसायला लागले. मी म्हटलं, "हळदीत आहात ना, तो बघा हात."

"हातानं लगीन लावलं काय मी? मामा नाय त पैसे नाय."

अल्बम वरच्या फळीवर गेला.

* * *

ह्यांना ती चूक इतकी लागली की त्यांनी मामाला परत बोलावून घेतलं. फेटा बांधून स्टुडिओत उभं केलं, एक हात पुढे धरायला लावला, फोटो काढला. मग चार रात्री डार्करूममध्ये बसून कात्रीने कापून तो मामा नवरीच्या मागे चिकटवला आणि त्याचा परत फोटो काढला. आजकालच्या पोरांना कॉम्प्युटरवर हे चहा निवायच्या आत जमतं. तेव्हा ती कारागिरी होती आणि मला मनातून ह्यांचा अभिमान वाटला होता.

मामाने फोटो उजेडात धरला. बराच वेळ बघितला. सगळ्यांची सावली डावीकडे पडली होती, मामाची उजवीकडे.

"हा मीच हाय," तो म्हणाला. "पण मी तिथं नाय."

फेटा काखेत मारून निघून गेला. त्यानंतर तो आमच्या दुकानावरून जाताना समोरच्या बाजूने जायचा.

* * *

रोह्याला आमची छोटी शाखा होती, ती माझे दीर नाना सांभाळायचे. नानांच्या टेबलाला एक खण होता, त्यात नुसते चेहरे. जवळच्या धाटावच्या कंपन्यांत गेटपाससाठी पासपोर्ट फोटो लागायचे. एका वेळी सहा निघायचे. कामगार घाईत यायचा, दोन उचलायचा, दोनाचे पैसे टाकायचा आणि म्हणायचा, "उरलेले शिफ्ट सुटल्यावर नेतो." शिफ्ट सुटली की बस सुटायची. गरज सरो, वैद्य मरो. चार चेहरे खणात.

एकदा कोलाडकडचे एक गृहस्थ नातवाच्या बारशाचे फोटो न्यायला आले. बोलता बोलता मुलीच्या लग्नाची काळजी निघाली. नानांनी खण ओढला आणि टेबलावर चेहरे मांडले. गृहस्थांनी चष्मा लावला, एक चेहरा उचलला आणि त्याच्या चारही फोटोंचे पैसे टेबलावर ठेवले. नाना म्हणाले, "कंपनीत कायम आहे. नोकरीची माहिती माझी, स्वभावाची तुम्ही काढा."

त्या मुलाशीच मुलीचं लग्न झालं. चांगलं झालं. नवरामुलगा लग्नाच्या फोटोंची ऑर्डर द्यायला आला तेव्हा जरा ओशाळून म्हणाला, "नाना, ते मागचे चार पासपोर्ट राहिलेत. त्याचे पैसे यातच धरा."

"ते मिटले," नाना म्हणाले. "सासऱ्याने तुला रोखीने घेतलाय."

* * *

शोकेसचाही एक प्रयोग मी केला होता. ज्याने वर्षभर पैसे दिले नाहीत त्याचा फोटो मोठा करून रस्त्याकडच्या काचेत लावायचा, म्हणजे लाजेने येईल. पहिला मान एका दुधवाल्याला दिला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला, तिसऱ्या दिवशी मेहुण्यांना. चौथ्या दिवशी आत येऊन म्हणाला, "वहिनी, संध्याकाळी नीट दिसत नाही, एखादा बल्ब लावा ना." मी फोटो काढून टाकला. तेव्हा कुठे तो पैसे घेऊन धावत आला, परत लावा म्हणून.

* * *

हिराबाईचा अल्बम फळीवर होता, पण हिराबाई काही घरी बसली नाही. बाजाराच्या दिवशी ती मासळीची रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून आत यायची.

"वयनी, काढ गो जरा."

मी स्टुलावर चढून अल्बम काढून द्यायची. ती पदराला हात पुसायची, बाकावर बसायची आणि एकेक पान बघायची. लेक दिली होती लांब, उरणकडे, वर्षातून एकदा यायची. नवरीच्या एकटीच्या फोटोवर हिराबाई थांबायची. मग अल्बम मिटून माझ्याकडे द्यायची आणि टोपली उचलून चालू लागायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "घेऊन जा हो. चूक आमची आहे. पैसे राहू द्या."

ती ताडकन म्हणाली, "लेकीचं लगीन फुकटात लावलं काय मी? भाव ठरला तो ठरला. पोरीचा मामा देल तवा नेन."

हे त्या रात्री मला म्हणाले, "निदान चहा तरी पाजत जा." पण ती बाई नियम पाळत होती, तिच्यासमोर मी कसा मोडू? शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला चहा यायचा आणि हिराबाईला पाणी. अशी पाच वर्षं गेली. मला वाईट वाटायचं, हे खरं सांगते.

* * *

एका वर्षी मोठ्या उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि खारेपाटातल्या घरांत पाणी शिरलं. माणसं वाचली, सामान गेलं. आठ दिवसांनी दुकानात लोक यायला लागले. कुणाच्या हातात फुगलेले अल्बम, पानाला पान चिकटलेलं. निगेटिव्हसुद्धा आम्ही अल्बमसोबतच देऊन टाकायचो, तीही गेली. ह्यांनी पंख्याखाली वर्तमानपत्रं पसरून एकेक फोटो सोडवायचा प्रयत्न केला, फारसं काही हाताला लागलं नाही.

हिराबाईची शेजारीण आली. तिने ऑर्डर दिली त्याच दिवशी पैसे मोजले होते, आमच्या सगळ्या धंद्यात असं गिऱ्हाईक दुसरं नाही. तिच्यासाठी मी लगेच चहा सांगितला. ती चहाचा कप हातात धरून म्हणाली, "सगल्यांच्या आधी पैसे मीच दिले, नि बुडाला तो पण माझाच."

आणि वरच्या फळीवरचे लोक आले, उजळलेल्या चेहऱ्यांनी. "वयनी, आमचे हायत ना वर?" होते. सगळे होते, कोरडे ठणठणीत. एकजण तर पाकीट छातीशी धरून म्हणाला, "बरं झालं तुमचे पैसे बुडवले." मला राग यायला हवा होता. पण हे स्टुलावर उभे राहून पाकिटं खाली देत होते आणि मी नावं वाचत होते.

हिराबाई सगळ्यांच्या शेवटी आली. तिने अल्बम मागून घेतला, पण पानं उलटली नाहीत. वरून नुसता हात फिरवला.

"कोरडी हाय माझी पोर," ती म्हणाली आणि अल्बम परत दिला.

* * *

पुढल्या वर्षी मिठाचा हंगाम संपला. मजुरीचा हिशेब झाला त्याच आठवड्यात हिराबाई दुकानात आली. भावाची वाट न बघता पदराची गाठ सोडून तिने नोटा काउंटरवर ठेवल्या. मी मोजल्या. पूर्ण होत्या, रुपया कमी नाही. मी वहीत तिच्या नावापुढे रेघ मारली, पावती फाडली, स्टुलावर चढून अल्बम काढला. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधला. ह्यांनी कॅमेरा बाजूला ठेवून हात जोडले.

हिराबाईने पावती नीट घडी करून बटव्यात ठेवली. अल्बम माझ्याकडे सरकवला.

"वर ठेव."

"अहो हिराबाई, आता तो तुमचा झाला."

"माझाच हाय. म्हणून त सांगतंय, वर ठेव."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे लेन्स पुसत होते. मी परत स्टुलावर चढणार इतक्यात ती म्हणाली, "थांब. आलीच हाय त बघून घेतंय."

सुतळी सोडली, कागद काढला. ती पदराला हात पुसून नेहमीच्या बाकावर बसली. दोन पानं उलटली, तिसऱ्या पानावर बोट ठेवून तिने मान वर केली.

"वयनी."

"काय हो?"

"पैसे पुरं दिलं ना? चाय सांग."