औषध वाळेपर्यंत

बायकोच्या कॅथेटरवर मी फुंकर मारली, ती शुद्ध मदतीच्या भावनेनं. गळ्याच्या हाडाखालून आत गेलेली ती नळी. आठवड्यातून तीनदा तिच्यातूनच बायकोचं रक्त मशीनमध्ये जाऊन साफ होऊन परत यायचं. माधव नगरच्या डायलिसिस सेंटरमध्ये मला मास्क लावून जवळ उभं राहू देत, माझ्या गोड स्वभावामुळे, असा आपला माझा समज.

त्या दिवशी सिस्टरनं नळीभोवतीची त्वचा औषधानं नीट घासली आणि मग हात वर धरून नुसती उभी राहिली. मला वाटलं, पोरगी पुढचं विसरली. मी मुळातच बिनधीराचा माणूस, तीनदा झाकण उघडल्याशिवाय माझ्या हातून भात शिजत नाही. त्यात मुलांच्या फुटलेल्या गुडघ्यांवर टिंक्चर लावून फुंकर घालण्याचा दांडगा अनुभव. मास्क खाली ओढला, वाकलो आणि केलं फूऽऽ.

"अंकलजी!" सिस्टर एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून जागे झाले. "पीछे. और मास्क ऊपर."

तिनं हातमोजे काढून टाकले, हात धुतले, नवे घातले आणि नवा बोळा घेऊन पहिल्यापासून घासायला लागली. घासता घासता मला समजावलंही. त्वचेवरचे जंतू नळीच्या कडेनं सरळ रक्तात उतरतात. हे औषध त्यांना मारतं, पण त्याला आपसूक वाळू द्यायचं. पुसायचं नाही, वारा घालायचा नाही. "और फूँक तो बिल्कुल नहीं. आपके मुँह के कीटाणु आंटी के खून में क्यों भेजना?"

माझं तोंड एवढंसं झालं. कारण जंतू रक्तात गेले की काय होतं, ते आम्ही भोगलं होतं. बायकोची पहिली नळी त्यामुळेच काढावी लागली होती. हुडहुडी भरून ताप, चार पांघरुणांखाली वाजणारे दात, आणि काहीच करता न येणारा मी. आता हातावर छोटं ऑपरेशन करून रक्तासाठी पक्की वाट तयार केली होती, पण ती वापरण्याजोगी व्हायला काही महिने होते. तोवर ही दुसरी नळी बिनतापाची टिकायलाच हवी होती.

त्यानंतर मी भिंतीला पाठ लावून बघत राहिलो. सिस्टर दर वेळी तेवढंच घासायची, तेवढंच थांबायची. एकदा बाहेर गर्दी तुंबलेली, कुणाचा तरी नातेवाईक दारातून "जल्दी करो, मॅडम" म्हणून ओरडतोय. तिनं मानही वळवली नाही. "सूखने दो, भैया." टावर चौकात दिवा लाल असताना मला तेवढं थांबता येत नाही, आणि ही दिवसभर, प्रत्येक खाटेपाशी थांबत होती. बघणाऱ्याला वाटावं, काहीच करत नाही. पण माझ्या बायकोचा जीव त्या काहीच न करण्यावर तगून होता.

शेवटी हात तयार झाला. नळी निघाली, आणि तोवर एकदाही ताप आला नाही.

त्या संध्याकाळी भात मी लावला. झाकण ठेवलं आणि हात मागे बांधून गॅसपाशी उभा राहिलो. बायको दारात येऊन बराच वेळ बघत होती.

"अहो, उघडा आता. करपल्याचा वास येतोय. इथे सिस्टर नाहीये बघायला."