ओइवाचा वाटा

ओइवा जन्मला नदीच्या आमच्या काठावर, म्हणजे स्वीडनमध्ये, आणि उभा जन्म राबला पलीकडे, फिनलंडच्या पोलाद कारखान्यात. बायको ताइमीही तिकडचीच. म्हातारपणी दोन्ही देशांची पेन्शन बिनबोभाट घरी येई. पुलावर कोणी अडवत नसे. या सगळ्याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते माशांचं. लांब दांड्याची जाळी घेऊन तो नदीच्या धारेवर बांधलेल्या फळ्यांवर उभा राहिला की ताइमी म्हणे, "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीस!"

संध्याकाळी सगळ्यांचे मासे एकत्र करून घरटी वाटे पडतात. वाटे मी घालतो. नियम एकच: ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो, त्यालाच वाटा. बंद घराला शेपूटसुद्धा नाही.

मग ताइमी विसरायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग अख्खी स्वीडिश भाषा. शेवटी तिला आमच्याकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या पोरी गुणाच्या, पण त्यांना फिनिशचा गंध नाही. ती पाणी मागे, त्या पांघरूण आणून देत. एकदा ओइवा गेला तर ती तीन पांघरुणांखाली तहानलेली पडली होती.

त्यानं दोन्हीकडच्या कचेऱ्यांना फोन केला. बायकोला तिकडच्या वृद्धाश्रमात हलवायचंय, मीही शेजारी खोली घेऊन राहीन, चालेल का? दोन्हीकडच्या बाई म्हणाल्या, चालेल. दोन देशांना काहीच अडचण नव्हती. अडचण माझी होती.

"घर बंद केलंस की वाटा गेला," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"अरे, इथूनच जाऊन-येऊन कर की! पूल काय खातोय तुला?"

"सकाळी जाग आली की घाबरते ती. जवळ कोणीतरी लागतं."

जाळी माझ्या भिंतीला टेकवून तो गेला. मला रडू आलं. नियम मात्र मी बदलला नाही, कारण तो माझ्या बापाच्याही आधीचा आहे.

काही दिवसांनी ऐन वाटपाच्या वेळी स्वारी हजर. हातात रिकामी पिशवी.

"काय रे, वाटा मागायला आलास?" मी टोमणा मारला.

"वाटा नको. एक मासा दे."

"कशाला?"

"ताइमी आता दिवसभर बोलते. तिकडच्या पोरींना गाणी शिकवते. काल मला म्हणाली, 'आजोबा, तुम्ही येऊन बसता, बरं वाटतं. पण आता निघा. माझा नवरा मासे घेऊन येईल.'"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? निघालो." त्यानं पिशवी उघडून धरली. "चांगला मोठा बघून दे. तिचा नवरा बारके मासे घरी नेत नसे."